म्हशीचं धान्य

वडील दिल्लीत सरकारी कार्यालयात शिपाई म्हणून लागले, त्याआधी आमच्या घरात गहू फक्त सणाला यायचा. परभणीकडचं खेडं. आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. ज्वारीची भाकरी, सोबत हरभऱ्याची उसळ, नाहीतर नुसता ठेचा. तेवढ्यावर ती दुपार उलटेपर्यंत उकिडवी बसून हातोडी चालवायची. तिचे गुडघे तिथेच गेले. हे आधीच सांगून ठेवते, कारण ते जिभेपायी गेले असं पुढे बऱ्याच शहाण्या माणसांनी मला ऐकवलं.

दिल्लीत आलो तेव्हा मी शाळेत होते. दोन खोल्यांचं क्वार्टर, समोर सामायिक अंगण. आईने गावाहून पोतंभर ज्वारी आणली होती. पहिल्याच थंडीत ती अंगणात शेगडीजवळ भाकरी थापत होती, तेव्हा शेजारीण डोकावली आणि हसत सुटली. "अरे, ज्वार? ये तो हमारे यहाँ भैंस खाती है!"

तिच्या लेखी ते खरंच होतं. तिकडे ज्वारी चाऱ्यासाठीच पेरतात. पण गावात आम्हाला विहिरीपासून लांब उभं करणारे होतेच. इथे कुणी जात विचारलीसुद्धा नव्हती, तर ताटावरूनच आम्हाला गोठ्यात नेऊन बांधलं. आईने त्या संध्याकाळी उरलेली ज्वारी गल्लीतल्या गायींपुढे ओतली.

"अगं, अन्न आहे ते," वडील म्हणाले.

"मग तुम्ही जा की गायींच्या पंगतीला."

त्यानंतर आमच्या घरात ज्वारी आली नाही. आधी गव्हाची पोळी रोजची झाली. मग देशाचा बाजार उघडला आणि घरात येणारं सगळंच हळूहळू पांढरं होत गेलं. मी केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झाले, दोन्हीकडच्या नातेवाइकांत पहिली. हे मी मिरवून सांगते, का सांगू नये? नोएडात नोकरी लागली, यमुनेपलीकडच्या नव्या सोसायटीत चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. सकाळी ब्रेड, चहाबरोबर मैद्याचे टोस्ट, दुपारी पॉलिशच्या तांदळाचा शुभ्र भात, पाहुण्यांना खोक्यातला ज्यूस. टीव्हीवरच्या जाहिरातीतली आई आपल्या गोऱ्या मुलांना हेच वाढायची. आमची आईही वाढायची, आणि उरलेलं अभिमानाने खायची. जितकं पांढरं तितकं वरचं, असं तिला वाटे. तसं वाटायला लावणाऱ्यांचा धंदा त्यावरच चालला होता.

आईचं वजन वाढत गेलं, गुडघे बोलायला लागले. लिफ्ट बंद असली की ती घरातच अडकायची, आणि आमच्या सोसायटीत लिफ्ट चालू असणं हीच बातमी असे. काचेच्या एका नव्या हॉस्पिटलात सर्जनने गुडघ्यांचा एक्स-रे बघितला आणि म्हणाला, "ऑपरेशन करूया. पण आधी वजन उतरवा. त्याशिवाय मी हात लावणार नाही."

खालच्या मजल्यावर आहार सांगणारी एक मुलगी बसायची. तिने ठरवून दिलं: तेल-तूप बंद, शेंगदाणे बंद. सकाळी साय काढलेल्या दुधात कॉर्नफ्लेक्स, मध्ये चहाबरोबर दोन बिस्किटं, दुपारी वाटीभर भात आणि पातळ वरण, संध्याकाळी मुरमुरे.

आईने सैनिकासारखं पाळलं ते. आणि अकराच्या सुमाराला तिचे हात थरथरायचे. "बाई गं, पोटात नुसता खड्डा पडतोय," ती म्हणायची. खडीवर दुपार काढणारी बाई स्वयंपाकघराच्या दारात पदराशी चाळा करत उभी राहायची, चहाची वेळ झाली का म्हणून घड्याळ बघत. वजन हललं नाही. पुढच्या भेटीला त्या मुलीने मान हलवली.

"आंटीजी, थोड़ा ज़बान पे कंट्रोल रखिए."

आई खाली बघत बसली. मी नाही बसले.

"तुम्ही दिलंय त्याच्या पलीकडे तिने काही खाल्लेलं नाही," मी हिंदीत म्हणाले. "तुम्ही दिलेल्या खाण्यानेच भूक लागते तिला."

"कॅलरी तो कॅलरी होती है, मॅडम. ब्रेड हो या कुछ और."

"भट्टीत जाळून मोजली की सारखीच. माणसाच्या पोटात नाही."

कॉलेजात आम्ही पिष्टमय पदार्थ शिकलो होतो. मैदा, पांढरा भात, कॉर्नफ्लेक्स यांचा कोंडा काढून टाकलेला असतो. पोटात त्यांची साखर चटकन होते, रक्तात भरभर चढते, तशीच खाली येते, आणि पोट पुन्हा मागायला लागतं. कोंड्यासकट दळलेलं धान्य, उसळी, डाळी सावकाश पचतात, म्हणून लवकर भूक लागत नाही. हे परीक्षेत लिहून मी मार्क मिळवले होते. आणि त्या मुलीने भुकेचं खाणं हातात देऊन वर माझ्या आईला हावरट ठरवलं होतं. परतताना रिक्षात मी इतकी बडबडले की रिक्षावाल्याने विचारलं, "झगड़ा हुआ क्या, दीदी?"

घरी आल्यावर मी आईला म्हटलं, "ज्वारी सुरू करू. भाकरी आणि उसळ."

"नाही."

"आई, गुडघ्यांसाठी."

"गुडघे जाऊ देत. ढोराचं खायला मी दिल्लीत आले नाही."

यावर केमिस्ट्रीत उत्तर नव्हतं. बिस्किटं बंद झाली, पोळी-उसळ आली, थोडा फरक पडला. पण तिला पोळी चार घासांची वाटायची आणि हात पुन्हा पोळ्यांच्या डब्याकडे जायचा. भाकरीचं नाव काढलं की ती उठून जायची.

मग जवळ मॉल उघडला. मी तिला चाकाच्या खुर्चीत बसवून नेलं. धान्याच्या कप्प्याशी तिने मला थांबवलं. हिरव्या नक्षीचं गुळगुळीत पाकीट, आत ज्वारीचं पीठ. शेजारी उंची कपड्यांतली एक बाई तीन पाकिटं ट्रॉलीत टाकत होती. आई बघतेय म्हटल्यावर गोड हसली. "लीजिए आंटी, बहुत हेल्दी होता है."

आईच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आजही विसरले नाही. बाई पुढे गेल्यावर ती म्हणाली, "यांनी खाल्लं की औषध. आम्ही खाल्लं की चारा!"

"घेऊ का एक?" मी विचारलं.

"ठेव ते. शिळं पीठ, भाकरी तुटंल त्याची. मामाला फोन लाव. चांगली टपोरी ज्वारी पाठव म्हणावं."

मामाच्या गावची मुलं दिल्लीत स्पर्धा परीक्षांची तयारी करत होती. सुट्टीहून परतताना त्यांच्यातल्या एकाने ज्वारी आणून दिली. सोसायटीला लागून असलेल्या जुन्या गावात चक्की होती. आई हट्टाने बरोबर आली. चक्कीवाल्याने पिशवीत हात घातला, दाणे बघितले.

"भैंस के लिए, माताजी? दरदरा कर दूँ?"

माझ्या तोंडाशी शिवी आली होती. आईने मला हाताने मागे सारलं.

"मेरे लिए," ती म्हणाली. "एकदम बारीक पीसना. और मशीन पहले साफ करना, तेरे गेहूं का आटा इसमें नको."

त्या दिवशी तिने उकळत्या पाण्यात पीठ मळलं आणि स्टीलच्या परातीत भाकरी थापली. पहिली फाटली. "हात विसरला," ती चिडली. दुसरी टम्म फुगली. वडिलांनी ताट पुढे केलं.

"काय? गायींची पंगत आठवली का आज?" आईने विचारलं.

"वाढ की," वडील म्हणाले.

सकाळी भाकरी, मटकी नाहीतर हरभरे, पालक, आणि तेलही. ते मी मोजत बसले नाही. अकरा वाजले तरी ती घड्याळाकडे बघेनाशी झाली. मधलं खाणं आपोआप गळालं. वजन एकदम उतरलं नाही, हळूच उतरलं, मध्ये अडलंही. पण उतरलं. सर्जनने ऑपरेशनची तारीख दिली. आहारवालीकडे मी पुन्हा गेले नाही. गेले असते तर भांडण झालं असतं, आणि ते व्हायला हवं होतं असं मला अजून वाटतं.

आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. लिफ्ट बंद असली तरी ती चार मजले चढते.