बुजवलेली खिडकी

गोदाक्का गेली हे मला बारामतीच्या बाजारात कळलं, वांग्यांचा भाव करता करता. "वरकुट्याच्या नर्सबाई गेल्या म्हनं," माळीण सहज बोलून गेली. मी पिशवी तिथंच टाकली, सर्व्हिस मोटारीनं इंदापूर गाठलं आणि पुढं बैलगाडीनं वरकुट्याला तिच्या भावाच्या घरी पोचले. तोवर सगळं आटोपलं होतं. मागच्या खोलीत तिचा बिछाना गुंडाळून ठेवला होता आणि खिडकीत जाड गोधडी ठासून भरली होती. भर दुपारी आत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसेना.

"वारं लागंल म्हून बुजवली," तिच्या वहिनी म्हणाल्या. "त्या आपल्या सारख्या म्हनायच्या, उघडा, उघडा... तापात बरळत्यात म्हून आमी न्हाय ध्यान दिलं."

ती बरळत नव्हती हो! उभा जन्म जी बाई हेच एक सांगत फिरली, तिनं शेवटी स्वतःसाठी तेवढंच मागितलं... आणि तेही मिळालं नाही. खिडकी उघडी असती तर ती न्यूमोनियातून उठली असती, असं मी म्हणत नाही. पण मागितलेला वारा द्यायला कुणाच्या बापाचं काय जात होतं?

कोवळ्या वयात ती विधवा झाली, पुण्याच्या इस्पितळात नर्सिंग शिकली आणि पुन्हा आपल्याच मुलखात आली. इस्पितळातल्या मेट्रननं शिकणाऱ्या पोरींना एका इंग्रज बाईची हकीकत सांगितली होती. मागं एका लढाईत घायाळ शिपायांची शुश्रूषा करून पुढं या विद्येचे धडे घालून देणारी ती बाई. जग तिला हातातल्या दिव्यावरून ओळखतं, आणि याचाच गोदाक्काला राग. "दिवा काय, चोर बी घिऊन फिरतो," ती म्हणायची. "त्या बाईनं कोंदट वॉर्डातली घान काढली, हवा आत आनली, ते कुनी ध्यानात ठिवत न्हाय."

एकदा मी तिच्याबरोबर काटेवाडीला गेले होते. तापानं फणफणलेल्या बाळंतिणीच्या खोलीत शेगडीचा धूर इतका, की मायलेकरं दोघंही खोकत होती. गोदाक्कानं पदर खोचला आणि खिडकीतल्या चिंध्या ओढून काढल्या.

"अगं बया, पोरीला वाताचा झटका यील!" सासू कडाडली. "जबाबदार तू हायस का?"

"व्हय, मी हाय," म्हणत गोदाक्का खिडकीखाली ठाण मांडून बसली, ती पोरीचा ताप उतरेपर्यंत. मायलेकरं जगली. निघताना त्याच सासूनं तिला चहा दिला तो अंगणात, कान तुटलेल्या कपातून, कारण बाळंतपणाला हात लावणारी बाई विटाळाची! जीव वाचवायला आत चालते, चहा प्यायला ओसरीवर चालत नाही. मी रस्ताभर तणतणत होते. गोदाक्का हसून म्हणाली, "कप फुटका व्हता, चहा न्हाय."

ती गेल्यावर पंधरा दिवसांनी बारामतीत तिची शोकसभा झाली. तसबिरीपुढं समई लावली होती. जो उठला तो तिला दिव्याची उपमा देऊन बसला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. दारं लावून घेतलेल्या त्या दिवाणखान्यात माणसं घामानं डबडबली होती, पण खिडकी उघडावी असं एकालाही सुचलं नाही. मी मधेच उठून आले.

गेल्या आठवड्यात वरकुट्याला पुन्हा गेले. तिची भाची, वहिनींची लेक सखू, पहिलटकरीण, माहेरी बाळंत झालेली. तिचं बाळंतपण आपणच करणार, असं गोदाक्का तिला दिवस गेल्यापासून म्हणत होती. सखूला ठेवलं होतं त्याच खोलीत. शेगडी धुमसत होती, लेकरू खोकत होतं, आणि खिडकीत तीच गोधडी...

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी गोधडी उपसून काढली.

"बाई, वारं लागंल!" वहिनी धावत आल्या.

"लागू दे," मी म्हटलं.

गोधडी घ्यायला त्यांनी हात पुढं केला, तेवढ्यात बाजेवरून सखू बोलली, "आई, ऱ्हाऊ दे उघडीच. आत्या मागत व्हती तवा आपुन उघडली न्हाय."

वहिनींचा हात तसाच राहिला. मी ती गोधडी जमिनीवर अंथरली आणि खिडकीखाली ठाण मांडून बसले.