राव सरांच्या हॉलमधलं लिनक्स

दर शनिवारी सकाळी आम्ही तिघं एग्मोरला राव सरांच्या हॉलमध्ये जमतो आणि लोकांच्या जुन्या, छोट्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून देतो. आतापर्यंत वीसेक लॅपटॉप झाले असतील. किस्से किती झाले ते मोजणं मात्र केव्हाच सोडून दिलंय! कारण सोपं आहे. एक इन्स्टॉल व्हायला अर्धा तास लागतो, आणि त्या अर्ध्या तासात स्क्रीनवरच्या सरकत्या पट्टीकडे बघत बसण्याशिवाय दुसरं काम नसतं. मग माणसं बोलतात. किस्से साठणारच ना!

तिघं म्हणजे कोण, तर एक मी, मृणाल. मूळची सांगलीची, ऑफिस नुंगंबाक्कमला. दुसरा प्रसाद, लातूरचा. गाड्यांचे ब्रेक तपासायच्या कंपनीत आहे. आणि तिसरे राव सर, गणिताचे निवृत्त शिक्षक. सरांचं घराणं तंजावरचं मराठी. कित्येक पिढ्या तमिळनाडूत गेल्या, पण घरात अजून त्यांचं ते जुनं, गोड मराठी बोलतात.

सुरुवात माझ्याच लॅपटॉपपासून झाली.

* * *

अकरा इंची लॅपटॉप, दोन जीबी रॅम. चालू केला की चहा करून, पिऊन, कप धुऊन यावं, तरी तो आपला गोल गोल फिरतोय! प्रसाद म्हणाला, "यावर लिनक्स टाकू. हलकं असतं, मशीन पळायला लागेल."

पण लिनक्स हे काही एकच नसतं. त्याचे शेकडो प्रकार. मिंट, लुबुंटू, आणखी कायकाय. प्रसाद पडला टेस्टिंगवाला. त्यानं अकरा प्रकारांचं एक्सेल शीट केलं. बूट व्हायला किती सेकंद, रॅम किती खातं, बॅटरी किती टिकते. प्रत्येकाला दहापैकी मार्क! तीन शनिवार आम्ही नुसते मार्क देत होतो.

चौथ्या शनिवारी राव सर आतून कॉफी घेऊन आले. टंबलर माझ्यापुढे ठेवत म्हणाले, "मृणाल, तुला यांत करायचं काय आहे?"

"आईशी व्हिडिओ कॉल. आणि मराठी टायपिंग."

"आणि त्या पेन ड्राइव्हांत काय आहे?"

"लुबुंटू. पण सर, ते आमच्या यादीत चौथं आहे..."

"यांत आईचं तोंड दिसतें?"

"दिसतं."

"मग घाल तें! मी लग्नालासुद्धा इतकीं स्थळं पाहिलीं नव्हतीं."

आतून काकूंचा आवाज आला, "एकच पाहिलं होतं! तेंही वडिलांनीं!"

तासाभरात आईचा चेहरा स्क्रीनवर होता. चौथा नंबर अजून मस्त चालतोय.

* * *

प्रसादच्या हातून एकदा मोठी चूक झाली. स्वतःच्या लॅपटॉपवर लिनक्स टाकण्याआधी त्यानं शहाण्यासारखे सगळे फोटो बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढले. डिस्क लॅपटॉपला लावलेलीच राहिली. इन्स्टॉल करताना स्क्रीननं विचारलं, कुठली डिस्क पुसू? यानं घाईत चुकीच्या नावावर क्लिक केलं, आणि लॅपटॉपऐवजी ती बाहेरची डिस्क पुसली गेली! लॅपटॉपवरचे फोटो तर त्यानं आधीच, डिस्कवर आहेत म्हणून, डिलीट केले होते.

फोटो बहिणीच्या लग्नातले होते. यानंच काढलेले, हळदीपासून पाठवणीपर्यंत.

प्रसाद पांढराफटक पडला. वडील गेल्यावर बहिणीचं लग्न त्यानंच लावून दिलं होतं, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. राव सर म्हणाले, "आत्तांच फोन कर. उद्यांवर टाकूं नको."

त्यानं फोन केला. स्पीकर चालू राहिला होता, त्यामुळे आम्हालाही ऐकू आलं.

"अगं, एक वाईट झालंय. लग्नाचे फोटो गेले. माझ्याकडूनच पुसले गेले. सगळे."

बहीण म्हणाली, "तू काढलेले?"

"हो गं."

"दादा, तू दिवसभर कॅमेऱ्यामागं होतास. एका फोटोत तरी तू होतास का? जाऊ दे ते. मामांच्या मोबाइलमध्ये तुझा एक आहे, पाठवणीच्या वेळचा. रडतोयस त्यात. तो मी फ्रेम केलाय."

त्या दिवसापासून राव सरांच्या हॉलमध्ये एक नियम आहे. कुणीही लॅपटॉप घेऊन आलं की सर नमस्काराच्या आधी विचारतात, "दुसरी प्रत कुठें आहे?"

* * *

सेल्वी अक्का टी. नगरला ब्लाउज शिवतात. एका शनिवारी पिशवीत गुंडाळलेला लॅपटॉप घेऊन आल्या. तो चालू व्हायचा, बंद व्हायचा, पुन्हा चालू व्हायचा. आत आठ वर्षांची डिझाइन्स होती. गळे, पाठी, बाह्या, सगळं त्यांनी स्वतः काढलेलं. एवढंच आम्हाला हातवाऱ्यांनी कळलं, कारण राव सर आंघोळीला गेले होते, अक्कांना फक्त तमिळ येत होतं, आणि माझं तमिळ म्हणजे भाजीवाल्यापुरतं.

प्रसादनं पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू केलं. स्क्रीन उजळली. आता फोल्डर उघडायचं होतं. पण प्रसादचं तत्त्व असं, की ज्याचा लॅपटॉप त्यानंच माउस धरायचा, म्हणजे शिकतात. तेव्हा माउस अक्कांच्या हातात, आणि सूचना द्यायच्या तमिळमध्ये!

प्रसादचं सगळं तमिळ रिक्षात बसून शिकलेलं. त्यानं तेवढंच वापरलं.

"लेफ्ट-ला पोंगा... लेफ्ट, लेफ्ट... नेरा पोंगा, सरळ सरळ... रैट-ला... इंगेये निरुत्तुंगा!"

अक्कांनी बाण बरोबर तिथेच थांबवला. क्लिक केलं. फोल्डर उघडलं. एकामागून एक डिझाइन्स दिसायला लागली. मोराची पाठ, मडक्याच्या आकाराचा गळा, सगळी जिथल्या तिथे.

अक्कांनी पदरानं डोळे टिपले. मग मागे वळून प्रसादकडे गंभीरपणे बघत विचारलं,

"सार, मीटर पोट्टाच्चा?"

म्हणजे, मीटर टाकलात ना?

* * *

राव सरांनी स्वतःच्या लॅपटॉपवर भाषा निवडताना ठसक्यात मराठी निवडली. "आपली भाषा आहे की यांत! मग इंग्रजी कशाला?"

पुढच्या पानावर मोठं बटण आलं, 'आता प्रतिष्ठापना करा.' सरांनी चष्मा वर केला, पुन्हा वाचलं आणि आत हाक मारली, "अगं, गंध-कुंकू आण! प्रतिष्ठापना आहे!"

थट्टाच होती. पण काकू खरंच ताट घेऊन आल्या. इथे नवरात्रातल्या आयुधपूजेला कॉम्प्युटरलाही कुंकू लावतात, त्यामुळे त्यांना त्यात काही वेगळं वाटलंच नाही. लॅपटॉपच्या कपाळाला, म्हणजे कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी, गंध लागलं.

गंमत पुढे झाली. सेटिंग उघडल्यावर सर अडखळले. "मृणाल, 'अभिगम्यता' म्हणजे काय ग?"

मला येईना. मी प्रसादकडे बघितलं. प्रसाद छताकडे बघायला लागला. शेवटी इंग्रजी करून बघितलं, तर अ‍ॅक्सेसिबिलिटी!

सर इतके मनापासून हसले, की चष्मा काढून पुसावा लागला. म्हणाले, "इतकीं वर्षं तुम्हां लोकांशीं बोलतांना मी लाजत होतों. म्हणे माझंच मराठी मोडकं. तुमचंही तसंच की!"

आधी लाजून मधेच इंग्रजीकडे वळायचे; तेव्हापासून सर आमच्याशी चुकूनही इंग्रजीत बोलत नाहीत.

* * *

आणि हा गीता टीचरांचा.

सरांच्या मागच्या गल्लीत राहतात. तंजावरच्याच मराठी, शाळेत इंग्रजी शिकवायच्या. त्यांच्या मिस्टरांना पक्षाघात झाला. उजवा हात गेला, बोलणंही गेलं. डावा हात तेवढा चालतो. मोबाइलवरची अक्षरं त्यांच्या बोटाला सापडत नाहीत. मुलाचा एक जुना, छोटा लॅपटॉप घरात होता, पण तो इतका हळू, की एक अक्षर उमटेपर्यंत ते वैतागून तो ढकलून द्यायचे.

आम्ही त्यांच्या घरी गेलो. या वेळी यादी नाही, मार्क नाहीत. सगळ्यात हलकं जे होतं ते घेतलं. स्क्रीनवरचा कीबोर्ड मोठा केला, अक्षरं बोटाएवढी. मिस्टर खुर्चीत बसून बघत होते.

इन्स्टॉल करताना स्क्रीननं विचारलं, तुमचं नाव?

मी टीचरना विचारलं, "मिस्टरांचं नाव काय?"

त्यांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि एका बोटानं, एकेक अक्षर करत नाव टाइप केलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तोंडानं नाहीं घेत मी. बोटानं घेतलं."

मशीन सुरू झालं. कोरं पान उघडून आम्ही लॅपटॉप मिस्टरांच्या मांडीवरच्या पाटावर ठेवला. डावा हात उठला, खाली आला. एक अक्षर. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरं. प्रसाद माझ्या कानात पुटपुटला, "पाणी मागतायत बहुतेक."

G. E. E. T. A.

टीचर एकदम शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, "एच राहिला. माझ्या नांवांत टी नंतर एच आहे."

मी एच घालायला पटकन हात पुढे केला. त्यांनी माझं मनगट धरलं.

"हात लावूं नको. तेच घालतील."

त्यांनी भिंतीशी असलेली खुर्ची ओढली, मिस्टरांच्या शेजारी ठेवली आणि बसल्या.

"मला घाई नाहीं."