डिकीतली दस्ती

धुतलेली गाडी पुसायला सगळ्यात चांगलं कापड कोणतं, हे मला आता पक्कं ठाऊक झालंय. माझ्या वडिलांची दस्ती. ज्या दिवशी हे कळलं, त्या दिवसाचा राग अजून डोक्यातून उतरलेला नाही आणि तो उतरावा अशी माझी फारशी इच्छाही नाही.

दस्ती म्हणजे खांद्यावर टाकायचं सुती कापड, टॉवेलहून पातळ आणि रुमालाहून मोठं. आमच्या मुखेडकडच्या जुन्या माणसांच्या खांद्यावर ती नसली, तर काहीतरी घालायचं राहून गेल्यासारखं दिसतं. वडील तिने घाम पुसत, जेवून हात पुसत, आठवडी बाजारातली वांगी तिच्यातच बांधून आणत. मी लातूरला शिकायला निघाले की मुखेडच्या स्टँडवर एस.टी. पुरती थांबायच्या आत ते धावत जाऊन खिडकीतून तीच दस्ती सीटवर टाकत. दस्ती पडली की जागा धरली. मग आत कितीही रेटारेटी होवो, त्या सीटवर कोणी बसत नसे. एखादा बसलाच तर वडील बाहेरून गरजत, "दस्ती दिसंना का रं तुला?" आणि तो मुकाट उठे. मी बसले की दस्ती खिडकीतून परत देई आणि ते ती झटकून खांद्यावर टाकत.

वडील गेले आणि तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या काकांनी, म्हणजे वडिलांच्या धाकट्या भावाने, त्यांची ट्रंक अंगणात रिकामी केली. गेलेल्या माणसाचं कापड घरात ठेवू नये, म्हणे. धोतरं, सदरे, टोप्या, सगळं कुणाकुणाला देऊन टाकलं. आई दाराला टेकून बघत होती. तिला कोणी विचारलं नाही आणि मलाही नाही. एवढी घाई कसली होती, हे मला आजही कळलेलं नाही. माणूस जाऊन दोन आठवडे झाले नाहीत तर त्याचा वाससुद्धा घरात नको? वळणीवर वाळत घातलेली नव्हे, खुंटीवर तशीच न धुता टांगलेली दस्ती तेवढी मी उचलली आणि पर्समध्ये कोंबली. तंबाखूचा, चुन्याचा, घामाचा वास होता तिला. तेवढं माझं.

लातूरच्या घरी ती ठेवायची कुठे? सासूबाईंना कळलं असतं तर त्यांनीही तेच सांगितलं असतं जे काकांनी सांगितलं. तेव्हा मी डोकं चालवलं. आमच्या दिवाणात आहेराच्या टॉवेल-टोप्यांचा ढीग आहे. लग्न, बारसं, वास्तुशांती, कुठेही जा, पुरुषांना टॉवेल-टोपी मिळते. ते टॉवेल कोणी वापरत नाही. ते पिशवीतून काढतही नाहीत. या लग्नात मिळाले ते त्या लग्नात द्यायचे, अशी त्यांची सगळ्या तालुक्यांतून सहल चाललेली असते. त्यातल्याच एका टॉवेलच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत मी दस्ती घडी करून घातली आणि ढिगाच्या तळाशी सरकवली. तिथे कोण हात घालणार? कधीतरी दुपारी घरात कोणी नसलं की काढायची, नाकाला लावायची, परत ठेवायची. वास संपू नये म्हणून तेही हात आखडून.

आणि मग आमच्या नवऱ्याने गाडी घेतली. समोर मी त्यांना अहो-जाहोच करते, पण इथे लिहिताना एकेरीवर येणार आहे. गाडी घेतली तीही काळी. लातूरच्या बोअरच्या पाण्याला काळी गाडी म्हणजे काय प्रकरण आहे, ते ज्याने भोगलंय त्यालाच माहीत. धुतली आणि चटकन पुसली नाही, तर क्षाराचे पांढरे ठिपके अंगभर उठतात, देवी आल्यासारखे. तेव्हा खरा प्रश्न धुण्याचा नव्हे, पुसण्याचा. या प्रश्नाने आमच्या घराचे रविवार खाल्ले.

आधी माझा आंघोळीचा जाड टॉवेल गेला. त्याची तुसं काचेला चिकटली. मग मोबाइलवर बघून मागवलेलं शॅमी, म्हणजे चामड्यासारखं पुसायचं कापड, आलं. ते आमच्या उन्हात वाळून पापड झालं. मायक्रोफायबर चांगलं होतं, पण साहेबांच्या हातून ते खाली पडलं, तसंच उचलून फिरवलं आणि वाळूच्या कणाने बॉनेटवर केसाएवढा ओरखडा उठला. त्या ओरखड्याचं घरात दोन दिवस सुतक होतं. माझे वडील गेले तेव्हा हाच माणूस दहाव्यालाही "ऑडिट आहे" म्हणून आला नव्हता, हे मी तेव्हा बोलले नाही. फरशीचा वायपर दारावर ओढून झाला. माझ्या दोन सुती साड्या, त्याचे जुने बनियन, सगळ्यांची परीक्षा घेऊन झाली. उन्हाळ्यात आम्ही टँकरची वाट बघत भांडी साठवत होतो आणि हा गाडीवर बादल्या ओतत होता. मी बोलले की उत्तर ठरलेलं, "तुला गाडीतलं काय कळतंय?"

मग वर्षश्राद्धाच्या आधीच्या रविवारी तो खूश होऊन आत आला. "कापड सापडलं. एक नंबर. एका हातात पाणी पिऊन टाकतंय, डाग म्हणून राहत न्हाई." मी पोळ्या लाटत होते. बरं झालं, सुटले, एवढंच मनात आलं. कोणतं कापड, हे मी विचारलं नाही आणि त्याने ते डिकीत ठेवून दिलं.

वडिलांच्या वर्षश्राद्धाला आम्ही गाडीनेच गेलो. वाटेतल्या जांबच्या पुढे रस्त्याचं काम चाललेलं, गाडी धुळीने पांढरी झाली. गावात पोचताच, पाव्हणे बघायच्या आत गाडी चमकली पाहिजे म्हणून नवऱ्याने अंगणातल्या नळावर बादली भरली, गाडीवर ओतली आणि डिकीतून कापड काढलं. आई पाय धुवायला तांब्या घेऊन बाहेर आली होती. ती जागीच थांबली.

"जावईबापू, ही दस्ती कुनाची हाय?"

"दस्ती? कापड हाय आई. लई भारी. दिवाणात आहेराच्या टॉवेलांत सापडलं. नवे टॉवेल कडक असतात, खळीचे, पाणी निस्तं इकडून तिकडं करतात. हे बघा कसं मऊ." आणि त्याने ते बॉनेटवरून फिरवून दाखवलं. लाल काठ, कोपऱ्यात वडिलांच्या विडीने पडलेलं भोक.

मी काय बोलले ते मला सलग आठवत नाही. पाव्हणे बाहेर आले, एवढं आठवतं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला चारचौघांत अरे-तुरे केलं. तो म्हणाला, "मला काय सपान पडलं होतं का? सांगायचं नव्हतं?" हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच माझा जास्त संताप झाला. सांगायची सोय कुठे ठेवली होती कोणी?

आईने त्याच्या हातातून दस्ती घेतली, पिळली आणि नाकाला लावली. खूप वेळ लावून ठेवली. मग माझ्याकडे बघितलं. तिचा राग माझ्यावर असेल हे मला वाटलंच नव्हतं.

"साबनाचा वास येतोय," ती म्हणाली. "वरीसभर तुझ्यापशी व्हती. मी हितं उशीखाली हात घालून झोपत व्हते, काय गावतंय का म्हनून. येक डाव मला हुंगू द्यायची व्हतीस गं."

तिने दस्ती माझ्या हातात ठेवली. मी ती परत तिला द्यायला गेले तर तिने हात मागे घेतला. "आता कशाला? आता ती निस्तं फडकं हाय," म्हणाली आणि स्वयंपाकाकडे वळली.

श्राद्ध झालं, जेवणं झाली. मी दस्ती अंगणात वाळवली आणि निघताना गाडीच्या मागच्या सीटवर, खिडकीशी टाकली. नवरा स्टिअरिंगवर बसला, मी त्याच्या शेजारी. गाडी अर्धी पुसलेली, अर्धी ठिपक्यांनी भरलेली. फाटक ओलांडणार तेवढ्यात काका हात करत आले. त्यांना जांबला जायचं होतं. एवढी मोठी गाडी रिकामी चाललीय म्हणाले आणि मागचं दार उघडून, दस्ती हातात उचलून खिडकीशी बसायला लागले.

"काका," मी मागे वळून म्हणाले, "तिकडून बसा. ती जागा धरलीय."

"कुनी?" ते हसले. मग त्यांचं लक्ष हातातल्या कापडाकडे गेलं. काठ बघितला, भोक बघितलं.

"दस्ती दिसंना का तुमाला?" मी म्हणाले. आवाज माझाच होता, पण काकांपुढे इतका मोठा मी कधी काढला नव्हता. ओसरीवर आई उभी राहिलेली दिसली.

काकांनी दस्ती होती तिथे परत ठेवली, घडी नीट केली आणि पलीकडच्या दाराने येऊन अंग चोरून बसले. जांब येईपर्यंत मधली जागा रिकामी होती तरी ते दस्तीच्या बाजूला सरकले नाहीत.