रिकाम्या रस्त्यावर ब्रेक

मास्तरांच्या हृदयात स्टेंट बसवून सात महिने झाले होते, आणि सगळे रिपोर्ट असे झकास की बघणाऱ्याला हेवा वाटावा. शेवटच्या तपासणीला डॉक्टर म्हणाले, "तुमचं हृदय माझ्यापेक्षा बरं चाललंय हो. कामावर जा, फिरा, मजा करा." मग उठता उठता त्यांनी विचारलं, "आणि मन कसं आहे? झोप, भीती, उदास वगैरे?" शेजारी बायको बसलेली, दाराबाहेर चाळीस माणसं ताटकळलेली. मास्तर म्हणाले, "मन? एकदम फर्स्ट क्लास." डॉक्टरांनी 'फर्स्ट क्लास' असंच लिहून घेतलं. संपला विषय.

त्या फर्स्ट क्लास मनाचा दिनक्रम आता ऐका. मास्तर आंघोळीला गेले की दाराला कडी लावत नसत. पडलो तर दार फोडावं लागू नये म्हणून. डाव्या कुशीवर झोपत नसत. जिन्याच्या प्रत्येक वळणावर थांबून भिंतीवरच्या सूचना वाचत. पाण्याच्या टाकीच्या सफाईची तारीख त्यांच्याइतकी इमारतीत कुणाला पाठ नव्हती. बायकोची आणखी तऱ्हा. टीव्हीवर काही विनोदी लागलं आणि मास्तर खदखदून हसले की ती स्वयंपाकघरातून ओरडे, "अहो, बेतानं!" त्यामुळे ते निम्मंच हसायचे. उरलेलं निम्मं कुठे जात होतं देव जाणे.

पण खरी गंमत कामावर होती. मास्तर म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. बावीस वर्षं त्यांनी लोकांना गाडी शिकवली. शिकवायच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशीही एक ब्रेक असतो, हे तुम्ही पाहिलं असेल. त्या ब्रेकला पाय न लावणं हीच मास्तरांची शान होती. समोरून ट्रक येवो, शिकणाऱ्याची बोबडी वळो, मास्तर शांतपणे म्हणत, "आधी बघा, मग घाबरा." त्या एका वाक्यावर त्यांनी अर्धं गाव चालतं केलं होतं.

आता मात्र भलतंच होऊन बसलं. छान मोकळा रस्ता, गाडी चाळीसच्या वेगात, आणि मास्तरांच्या छातीत एखादा ठोका चुके. डॉक्टरांनी सांगितलं होतं की असा चुकार ठोका धडधाकट माणसालाही पडतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. हे मास्तरांना पाठ होतं. त्यांच्या पायाला मात्र कुणी सांगितलं नव्हतं. ठोका चुकला की पाय खाली जाई आणि गाडी भररस्त्यात कचकन उभी राही.

"काय झालं मास्तर?" शिकणारा दचकून विचारी.

आता बावीस वर्षांच्या मास्तरानं काय सांगावं? पहिल्यांदा ते म्हणाले, "आरसा बघितला नाहीत." दुसऱ्यांदा, "क्लच उशिरा." तिसऱ्यांदा काही सुचेना, तर नुसतंच गंभीर तोंड करून म्हणाले, "विचार करा, काय चुकलं ते." वा! मग बिचारे शिकणारे घरी जाऊन विचार करत बसायचे.

त्यातच बेकरीतली ताई शिकायला आली. पस्तिशीची, काटक, भट्टीच्या धगीनं एका डोळ्याला सतत पाणी. डोळ्यांच्या डॉक्टरनं बजावलं होतं की भट्टी सोड. बेकरीच्या मालकानं पाव पोचवायच्या गाडीचं काम तिला देऊ केलं, पण महिनाअखेरपर्यंत लायसन आणलं तर. नाहीतर त्याचा भाचा टपलेलाच होता. भट्टी सोडायची आणि गाडीही नाही, तर घर कशावर चालवायचं? म्हणून ताई जीव तोडून शिकत होती. तिच्या हाताला वळण होतं, नजर तेज होती. मास्तरांनी मनात म्हटलं, ही पहिल्या फटक्यात पास होणार.

आणि वीस दिवसांत त्यांनी तिच्यासमोर निदान तीस वेळा विनाकारण ब्रेक मारला.

परीक्षेच्या दिवशी परीक्षक तिच्या शेजारी बसले आणि मास्तर लायसनच्या कचेरीच्या फाटकाशी मनगटावर दोन बोटं ठेवून उभे राहिले. नाडी मोजायची हल्ली सवयच लागली होती. बघणाऱ्याला वाटे, माणूस घड्याळ बघतोय. दहा मिनिटांनी गाडी परत आली. ताई उतरली ती पडलेल्या चेहऱ्यानं. परीक्षक तर तापलेलेच होते.

"मास्तर, हे काय नवीन काढलंय तुम्ही? वळण सुरेख, चढावर गाडी सुरेख, आणि सरळ रिकाम्या रस्त्यावर बाई दोनदा थांबल्या! मागून कुणी असतं म्हणजे? गेल्या महिन्यातही तुमच्याकडचे तिघं असेच थांबले. कुत्रं नाही, मांजर नाही, आणि ब्रेक!" एवढं बोलून त्यांनी नापासाचा कागद फाडून दिला आणि ते जिना चढून गेले. पुढची परीक्षा नियमानं एका महिन्यानंतर.

मास्तरांना वाटलं, ताई आता आपल्याला फाडून खाणार. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. पण ती डोळा पुसत म्हणाली, "माफ करा मास्तर. तुमचं नाव घालवलं मी."

"अहो, नाही..."

"खरंच सांगा, तिथे काय असतं? तुम्हाला दिसतं म्हणून तुम्ही थांबवता. मला मेलीला काही दिसत नाही. मग मी अंदाजानं थांबते. हल्ली तर चालतानाही थांबते. रस्ता रिकामा दिसला की छातीत धडधडायला लागतं."

सात महिने ज्या गोष्टीचा कुणाला वास लागू दिला नव्हता, बायकोला नाही, डॉक्टरला नाही, ती मास्तरांनी या बाईला व्यवस्थित धडे देऊन शिकवली होती. इतकं चांगलं तर त्यांनी कुणाला गाडी मागे घ्यायलाही शिकवलं नव्हतं. त्यांना स्वतःची अशी लाज वाटली की कानशिलं तापली. आणि मेली ही अक्कल आत्ता सुचते, परीक्षा झाल्यावर!

ते तडक जिना चढून परीक्षकांच्या टेबलासमोर उभे राहिले. धाप लागली होती.

"साहेब, चूक बाईंची नाही. तिथे थांबायला मी शिकवलंय."

"का?"

"मला भीती वाटते."

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. "कशाची?"

"मरायची. दुसरी कशाची असणार? ठोका चुकला की वाटतं, आलं. मग पाय दाबला जातो. आणि मी शिकणाऱ्यांवर ढकलतो, आरसा बघितला नाही म्हणून."

"पण तुमचा तंदुरुस्तीचा दाखला आहे की इथे. हृदय उत्तम."

"हृदयाचा आहे, साहेब. माझा कुठे आहे?"

परीक्षक बराच वेळ कागद चाळत राहिले. माणूस खडूस, पण दुष्ट नव्हता. शेवटी म्हणाले, "शिक्षक घाबरतो, असा रकाना माझ्याकडे नाही. गाडीत दोष असेल तर परवा पुन्हा परीक्षा घेता येते." आणि त्यांनी गोल गोल अक्षरात लिहिलं: शिक्षकाच्या बाजूचा ब्रेक अकारण लागतो. "उद्याच्या दिवसात दुरुस्त करा. आणि मास्तर, नंतर डॉक्टरांकडे जा. हे त्यांना सांगा, मला सांगून काय उपयोग?"

घरी गेल्यावर मास्तरांनी बायकोला सगळं सांगितलं. ती ऐकून भडकलीच. "आणि मी रात्र रात्र तुमचा श्वास मोजत पडते, ते काय हौस म्हणून? मला वाटलं, घरात मी एकटीच भित्री. सात महिने, अहो, सात महिने!" मग तिनं स्वतःच डॉक्टरांना फोन लावला आणि मनाच्या डॉक्टरचा पत्ता मागून घेतला. 'फर्स्ट क्लास' लिहिलंय ते खोडा, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मास्तर गाडीत बसले आणि त्यांनी बूट काढून सीटवरच मांडी घातली. ताई बघतच राहिली.

"मास्तर, हे काय?"

"दुरुस्ती." मग त्यांनी तिला खरं ते सांगितलं. रस्त्यात कधीच काही नव्हतं, एकदाही नव्हतं. ती ऐकताना आधी हसली, मग तिला राग आला, मग म्हणाली, "म्हणजे मला सगळं बरोबर दिसत होतं?"

"सगळं. माझ्यापेक्षा बरोबर."

तरी त्या सकाळी ती सरळ रस्त्यावर पाच वेळा थांबली. शिकलेलं असं सहज जात नाही. मास्तर प्रत्येक वेळी म्हणत, "आधी बघा. आहे काही? नाही ना? मग चला." सहाव्या फेरीत ती न थांबता टोकापर्यंत गेली. त्या दिवशी ती सरळ रस्ता सोडून दुसरं काहीच शिकली नाही, आणि परीक्षेच्या दिवशी पास झाली. परीक्षकांनी सही करताना मास्तरांकडे वर मान करूनही पाहिलं नाही. फक्त 'दोष दूर' असं लिहिलं.

दोष कसला दूर होतोय! परत येताना ताईच गाडी चालवत होती. कागद तिनं दोनदा वाचून पिशवीत ठेवला होता, आणि उद्यापासून पाव कुठल्या कुठल्या दुकानांत टाकायचे ते मोठ्यानं घोकत होती. मास्तर मांडी घालून शेजारी बसले होते. पुलाच्या अलीकडे, मोकळ्या रस्त्यावर, त्यांचा ठोका चुकला. मांडीतला पाय आपोआप ताठ झाला आणि गुडघा दारावर आपटला. दाबायला पायाखाली काही नव्हतं. गाडी चाललीच होती. पुढचा ठोका पडला. मग त्याच्या पुढचा.

मास्तरांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. इस्पितळात आलं नव्हतं, इतकं.

ताईनं आरशात बघितलं, मग त्यांच्याकडे. "मास्तर? बरं वाटत नाही का? थांबवू गाडी?"

"फार भीती वाटतेय," मास्तर म्हणाले. "थांबवू नका."