बर्फाच्या बाईंचा होकार

बर्फाच्या बाईंना काहीही विचारलं तरी त्या 'हो' म्हणत नसत. भुवया उचलत. दोन्ही एकदम, जेमतेम अर्धा क्षण, आणि लगेच खाली. 'नाही' म्हणायचं असेल तर नाक किंचित आक्रसायचं. बाकी चेहरा जागच्या जागी. दुबईच्या अल बर्शातल्या आमच्या इमारतीत निम्मे लोक त्यांना शिष्ट समजत ते या भुवयांमुळे, आणि उरलेले निम्मे नाकामुळे.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ती फाइल घेऊन. रविवारी सकाळी दहा ते साडेअकरा इमारतीच्या हॉलमध्ये आम्ही मुलांसाठी मराठीचा वर्ग चालवायचो. चालवायचो म्हणजे मी हॉलचं बुकिंग, हजेरी, खाऊची पाळी आणि व्हॉट्सअॅप ग्रुप बघायचे, आणि सहा आया आळीपाळीने शिकवायच्या. मुलं बाराखडी घडाघडा म्हणत आणि मधल्या सुट्टीत एकमेकांशी इंग्रजीत भांडत. माझी स्वतःची मुलगी रिया त्यांची पुढारी. "मॉम, आय नो इट, आय जस्ट डोन्ट से इट," हे तिचं ठरलेलं उत्तर. पहिल्या वर्षी एकतीस मुलं होती, दुसऱ्या वर्षी एकोणीस. त्यात पालकांच्या मीटिंगमध्ये अद्वैतच्या आईने स्पष्टच सांगितलं, "उन्हाळ्याच्या सुट्टीआधी मुलं बोलायला लागली तर ठीक. नाहीतर खलास. त्या वेळात रोबोटिक्स ठेवू. त्याचे सर तयारच आहेत."

सातव्या मजल्यावर मुलाकडे राहणाऱ्या बाई शिक्षक तयार करतात, असं मला तेव्हाच कळलं. कॅनडाच्या अगदी उत्तरेला, बर्फातल्या एका इनुइट वस्तीत त्यांनी अकरा वर्षं भावी शिक्षकांचा अभ्यासक्रम शिकवला होता. तिथल्या मुलांना तिथल्याच भाषेत शिकवणारे शिक्षक तिथल्याच माणसांतून घडवायचे, असं ते काम. इकडे आल्यावरही मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी सहाला त्या लॅपटॉपसमोर बसत. तिकडे तेव्हा सकाळचे नऊ वाजलेले असत.

"आमच्या सहा जणींना ट्रेनिंग द्याल का?" मी विचारलं.

बाईंनी भुवया उचलल्या.

मला वाटलं, त्यांना आश्चर्य वाटलं. मग मी वर्गाची पार्श्वभूमी सांगितली. पुन्हा विचारलं. पुन्हा भुवया. मी फाइल उघडून दहा सत्रांचा आराखडा दाखवला, रंगीत. तिसऱ्यांदा भुवया. घरी येऊन मी यादीत त्यांच्या नावापुढे लिहिलं, 'इच्छुक दिसत नाहीत.' रविवारी सकाळी पावणेदहाला त्या हॉलच्या दाराशी उभ्या. पायात लोकरीचे मोजे, अंगावर शाल. बाहेर बेचाळीस अंश.

"तुम्ही येताय हे सांगितलं नाहीत," मी म्हटलं.

"तीनदा सांगितलं," बाई म्हणाल्या.

हीच चूक त्यांनी स्वतः केली होती, पण हे त्यांनी मला पुढे बऱ्याच महिन्यांनी सांगितलं. माझी किती फजिती बघायची याचा त्यांचा हिशेब पक्का होता. तिथल्या पहिल्या सत्रात त्यांच्यासमोर आठ बायका बसल्या होत्या. कुणी आई, कुणी आजी, दोघींच्या कोटाच्या पाठीवरच्या मोठ्या टोपीत बाळं. बाई पाठाचं टाचण कसं काढायचं ते शिकवत होत्या. "समजलं का?" विचारलं की आठही जणी भुवया उचलायच्या. बाईंना वाटलं, बिचाऱ्या गोंधळल्यात. त्यांनी आणखी सोपं करून सांगितलं. भुवया. चित्रं काढून सांगितलं. भुवया. असे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी कोपऱ्यातल्या खुर्चीवर चामड्याचे हातमोजे शिवत बसलेली एक म्हातारी स्वतःशीच हसली आणि तिच्या भाषेत काहीतरी बोलली. एलिसापी नावाच्या विद्यार्थिनीने त्याचं भाषांतर केलं, "ती विचारतेय, आम्ही पहिल्या दिवसापासून हो म्हणतोय, तर तुम्ही हे अजून किती दिवस सांगणार?"

ती म्हातारी तिथे कशासाठी बसते, हे बाईंना कुणी सांगितलेलं नव्हतं. "मला वाटायचं, उबेला येते," बाई म्हणाल्या. "दुसऱ्या वर्षी कळलं, वर्गात शिक्षक तीच होती. मी पाहुणी. त्या बायका मला शिकवू द्यायच्या आणि शिकायच्या तिच्याकडे बघून."

'आधी बघ' हे दोन शब्द बाई जितक्या वेळा बोलल्या असतील तितकं त्या एरवी आठवडाभरात बोलत नसत. तिकडच्या माणसांत मोठ्यांना सारखे प्रश्न विचारणं पोरकट समजतात म्हणे. शिकायचं तर शेजारी बसायचं आणि हाताकडे बघायचं. "प्रश्न म्हणजे डोळ्यांचा आळस," असं बाई म्हणायच्या. दिवसाला पन्नास प्रश्न विचारून घर, ऑफिस आणि वर्ग चालवणाऱ्या माझ्यासारखीला हे ऐकवायचं म्हणजे जरा जास्तच होतं.

आमच्या ट्रेनिंगचं पहिलं सत्र असं: सहा जणींनी भिंतीशी बसायचं आणि दीड तास मुलांकडे बघायचं. बोलायचं नाही, मोबाइल नाही. दुसरं सत्र तेच. तिसरंही तेच. माझा रंगीत आराखडा बाईंनी शालीखाली घेतला होता. त्यावर त्या बसल्या होत्या असं नंतर लक्षात आलं. "अहो, हे काय ट्रेनिंग? हे तर बेबीसिटिंग," असं म्हणून एक गेली. एकीच्या मुलाचे स्विमिंगचे क्लास सुरू झाले. चौथ्या रविवारपर्यंत सहाच्या सहा गळाल्या. मी राहिले, कारण हजेरीपत्रक माझ्याकडे होतं.

हजेरीपत्रकाचंही बाईंना फारसं कौतुक नव्हतं. वसंतात बर्फ प्रवासाजोगा झाला आणि आकाश उघडलं की त्यांचा वर्ग ओस पडायचा. सगळे बाहेर, मासे धरायला. दक्षिणेकडच्या कचेरीतून पत्र यायचं, विद्यार्थिनी गैरहजर का? बाई उत्तर लिहीत, 'प्रात्यक्षिक.' "खोटं नव्हतं," त्या म्हणायच्या. "पोरं आयांबरोबर जायची. त्या चार दिवसांत जेवढी भाषा त्यांच्या तोंडात यायची, तेवढी माझ्या फळ्यावर वर्षभरात नसायची." कधी तिकडे वादळ होऊन इंटरनेट जायचं. तेव्हा बाई काळ्या स्क्रीनसमोर तासभर बसून राहत. मी म्हणायचे, बंद करा आता. "येतील," त्या म्हणायच्या. एकदा आमच्या खिडकीबाहेर धुळीचं वादळ होतं आणि त्यांच्या स्क्रीनमागे बर्फाचं. मध्ये बाई, चहा पीत, 'येतील.'

आमचं मात्र कुणी येईल असं दिसत नव्हतं. मार्च उजाडला, शिक्षक एकही नव्हता, मुलं चौदा उरली होती आणि रोबोटिक्सचे सर हॉलची मापं घेऊन गेले होते. त्यात पुस्तकांच्या कपाटाचं दार निखळलं. रास अल खोरच्या एका वर्कशॉपमधल्या सुताराचा नंबर माझ्या यादीत होता. विश्राम, वेंगुर्ल्याकडचा. त्याची सुट्टी रविवारी, म्हणून तो नेमका वर्गाच्या वेळी आला.

त्याने हत्यारांची पेटी उघडली आणि मुलं उठून त्याच्याभोवती गोळा झाली. मी त्यांना जागेवर बसवायला निघाले, तर बाईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला. अद्वैतने रंध्याकडे बोट दाखवून विचारलं, "व्हॉट इज धिस?" विश्रामने मान हलवली. "इंग्रजी माका कळणा नाय." रियाने हिंदीत प्रयत्न केला. "हिंदी पण नाय," विश्राम म्हणाला. हा माणूस पंधरा वर्षं दुबईत, मुकादम पठाण, मालक मल्याळी. त्याला हिंदी येत नाही यावर मी तरी विश्वास ठेवला नाही. पण मुलांनी ठेवला. मग रिया, माझी रिया, जिला सगळं 'येतं पण बोलायचं नाही', ती म्हणाली, "हे... काय असतं?"

"आदी बघ," विश्राम म्हणाला, आणि त्याने रंधा मारला.

मी बाईंकडे बघितलं. बाई त्याच्याकडे बघत होत्या. "तुझा शिक्षक आला," त्या म्हणाल्या.

"बाई, तो दार बसवायला आलाय."

नाक आक्रसलं.

विश्रामला तयार करायला बाईंना दोन रविवार लागले. "मॅडम, ह्यांका काय तरी सांगा," तो माझ्याकडे वळून म्हणायचा. "मी आठवी नापास. माका शिकवूक जमाचा नाय." "शिकवू नकोस," बाई म्हणाल्या. "तुला जे येतं ते कर. पोरांना हात लावू दे. आणि इंग्रजी कळत नाही असंच राहू दे." तो मला जाताना हळूच म्हणाला, "हिंदी माका येता हां, मॅडम. पण पोरांका सांगू नकात." पुढच्या दोन महिन्यांत मुलांनी एक पाट, एक चौरंग आणि एक वाकडा स्टूल केला. मी यादीत शिक्षकाच्या रकान्यात 'विश्राम' लिहिलं. आडनाव आणि शैक्षणिक पात्रता हे दोन रकाने कोरे सोडले.

जूनमध्ये पालकांपुढे परीक्षेचा दिवस आला. मी खुर्च्या मांडल्या, पाणी, खजूर, कार्यक्रमपत्रिका. अद्वैतची आई पहिल्या रांगेत. तिने गोड आवाजात सुरुवात केली, "बाळांनो, तुम्हाला मराठी आवडते ना?"

चौदा मुलांनी भुवया उचलल्या.

"उत्तर द्या ना बेटा. मराठीत बोलता ना आता?"

पुन्हा चौदा जोड्या भुवया. मी घामाघूम, एसी चालू असताना. मागून एक बाबा म्हणाले, "एक शब्द नाही! यल्ला, चला, रोबोटिक्स." बाई काही समजावायला उठतील म्हणून मी त्यांच्याकडे बघितलं, तर त्या विश्रामकडे बघत होत्या. विश्रामने सरळ तो वाकडा स्टूल पुढे ओढला, उलटा केला आणि खिळा धरला. पहिला घाव पडला मात्र, रिया ओरडली, "काका, वाकडो जाता!" अद्वैत पुढे धावला. "अरे तसं नको, आधी भोक पाड! मी सांगितलं होतं मागच्या रविवारी!" "गप रे, तुझा पाट डुगडुगतो तो बघ आधी!" "माझा नाय डुगडुगत, तुझी जमीन वाकडी!" पुढची दहा मिनिटं हॉलमध्ये जे मराठी ऐकू आलं त्यातलं निम्मं वेंगुर्ल्याचं होतं आणि उरलेलं भांडणाचं. सगळ्या पालकांचे मोबाइल वर.

वर्ग वाचला. म्हणजे आमच्या पद्धतीने वाचला. हॉल रोबोटिक्सला गेला, आम्हाला जिमशेजारची खोली मिळाली आणि पाच मुलं कमी झाली. परीक्षेच्या दुसऱ्याच दिवशी अद्वैतच्या आईचा फोन आला. "अद्वैत त्याच्या बाबांना 'मेल्या' म्हणाला. हे तुमचं शुद्ध मराठी?" मी म्हटलं, पण बोलला ना? मग ती म्हणाली, "बाबा खूप हसले. हजेरीत नाव राहू द्या अद्वैतचं, काढू नका."

ऑगस्टमध्ये बाईंनी सांगितलं की त्या उत्तरेला परत चालल्या आहेत. अभ्यासक्रम आता एलिसापी घेणार होती. ज्या कामासाठी अकरा वर्षं तिथे आणि तीन वर्षं लॅपटॉपवर काढली, त्याचा अर्थच हा होता की एक दिवस बाईंची गरज उरू नये. बाईंच्या मुलाने डोक्याला हात लावला. एकोणसत्तराव्या वर्षी, गुडघे असे, आणि तिथे जाऊन करणार काय?

"कोपऱ्यात बसणार," बाई म्हणाल्या. "ती म्हातारी गेली. खुर्ची रिकामी आहे. एलिसापीने विचारलंय." मग जरा लाजून म्हणाल्या, "हातमोजे शिवायला शिकतेय."

विमानतळावर मी त्यांच्या सामानाची यादी दोनदा तपासली. त्यांनी ती तपासू दिली. आत जाताना थांबल्या. "मीनल, तुझा कोर्स पूर्ण झाला बरं का."

"मी कुठे कोर्सला होते? मी फक्त व्यवस्था बघत होते."

"वर्षभर भिंतीशी बसून बघितलंस. पुरे आता." आणि त्या निघाल्या, शाल सावरत. मागे वळून बघण्यातल्या त्या नव्हत्याच.

गेल्या रविवारी विश्रामने सांगितलं, तो दोन महिने गावी चाललाय, बहिणीचं लग्न. मी घरी येऊन जेवणाच्या टेबलावर यादी काढली. शिक्षक: विश्राम, रजेवर. त्याखाली कुणी नाही. वर्ग दोन महिने बंद म्हणजे कायमचा बंद, हे मला कळत होतं. रोबोटिक्सच्या सरांना जिमशेजारची खोलीही आवडलीच असती. मी फोनमधली नावं चाळत बसले. रियाने माझं पेन घेतलं आणि विश्रामच्या नावाखाली लिहिलं, 'आइ.' दीर्घ ई चुकलीच होती.

"येशील ना?" तिने विचारलं. मराठीत.

मला बरंच काही म्हणायचं होतं. मला शिकवायची सवय नाही, बी.एड. नाही, हातोडी धरता येत नाही, तयारीला निदान पंधरवडा हवा. त्यातलं काही न बोलता मी भुवया उचलल्या. रियाने रकान्यात टिक केली आणि यादी फ्रिजवर लावली.