बोका सांगेल तिथं जेवावं

ढेकर हे काही त्याच्या आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. किनाऱ्याच्या थांब्यावर बस रिकामी झाली की उतरलेली माणसं समुद्र कुठंय हे नंतर विचारत. आधी विचारत, जेवायला चांगलं कुठं मिळेल. ज्या रिक्षावाल्याने नेलेली माणसं परत येताना हमखास तृप्तीचा ढेकर देत, त्याला सगळे ढेकरच म्हणू लागले. त्यालाही ते आवडलं. रिक्षाच्या मागे त्याने ते लाल रंगात लिहूनसुद्धा घेतलं.

किनाऱ्यालगत खानावळींची रांग होती आणि बाहेरून सगळ्या एका माळेचे मणी. पत्र्याचं छप्पर, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि फळ्यावर खडूने ‘आज ताजी मासळी’, जे महिनोन्‌महिने कुणी पुसलेलं नसे. आत काय शिजतंय ते फक्त ढेकरला ठाऊक, अशी त्याची ख्याती होती.

गंमत अशी, की त्याला चव म्हणून कळतच नव्हती. नव्या संसारात एकदा बायको कालवणात मीठ घालायला विसरली, तर ह्याने दोनदा मागून घेतलं आणि वर ‘वा’ म्हणाला. बायकोने त्याच दिवशी ओळखलं, की माणूस गुणाचा आहे, पण ह्याच्या जिभेवर विसंबून स्वयंपाक करण्यात अर्थ नाही.

मग तो ओळखायचा कसा? पहिली बस यायच्या आधी तो खानावळींच्या मागच्या बोळातून चक्कर मारी, जिथं खरकटं टाकतात, आणि मांजरं बघे. जिथलं मांजर रोड, चिडकं, बरगड्या मोजून घ्याव्यात असं, तिथलं जेवण एक नंबर. गिऱ्हाईक काटासुद्धा चोखून ठेवतं, तर मांजराला उरणार काय? आणि जिथलं मांजर भिंतीवर लोळतंय, नाकावर माशी बसली तरी हलत नाही, तिथून रिक्षा सरळ पुढे. ही विद्या त्याने कुणाला सांगितली नव्हती. बायकोलाही नाही, कारण ती हसली असती.

खानावळवाले त्याला फार जपत. गिऱ्हाईक आणणाऱ्याला उपाशी कोण ठेवील? रोज कुठं ना कुठं त्याचं ताट वाढलेलं असे. घरी पोहोचेपर्यंत पोटात पाण्याच्या घोटालाही जागा उरत नसे. ‘नको गं, आज जेवून आलोय,’ हे वाक्य तो चपला काढायच्या आधीच बोलून मोकळा होई.

अशात बायकोने ओसरीवर चार बाकडी मांडली आणि खानावळ काढली. तिने त्याला विचारलं नाही, नुसतं सांगितलं. भावाकडून मोठी पातेली आणली, फळा टांगला आणि म्हणाली, "सगळ्या गावाची पोटं तुम्ही दुसऱ्यांच्या दारात नेऊन भरलीत. आता आपल्या दारातही थांबा जरा." ते ऐकून ढेकरलाही आनंद झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो नेहमीच्या चकरेत स्वतःच्या परसात डोकावला आणि तिथंच थबकला.

परसात त्यांचा बोका पसरला होता. पसरला होता म्हणजे खरंच पसरला होता. कडेने सगळीकडून ओघळलेला, उशीत कापूस जास्त भरावा तसा. कुंपणावर चढायचं त्याने कधीच सोडून दिलं होतं. ढेकरला पाहून त्याने एक डोळा उघडला आणि परत मिटला.

झालं, इकडे आड तिकडे विहीर. आयुष्यभरात एकाही उतारूला त्याने फसवलं नव्हतं, आणि बोका तर सांगत होता की घरचं अन्न कुणी खात नाही. बायकोला हे सांगायचं कुठल्या तोंडाने? तो रोज घरावरून रिक्षा नेई, भोंगा वाजवी आणि पुढे जाई. दुपारी कारणं देई. आजचे उतारू पथ्यावरचे होते. आजच्यांचं पोट बिघडलं होतं. आजच्यांनी डबा आणला होता. शेवटी बायकोने विचारलं, सगळी आजारी माणसं नेमकी तुमच्याच रिक्षात कशी बसतात? त्यावर तो टायर तपासायला बाहेर गेला.

बाकडी रिकामी राहिली. बायको रोज रांधी आणि रोज उरे. ते उरलेलं जाई बोक्याकडे, आणि बोका आणखी पसरे. ढेकर सकाळी बघे आणि मनात म्हणे, बघा, मी म्हणत नव्हतो? बायको आताशा त्याच्याशी कामापुरतंच बोलत होती, आणि त्याला ते फार लागत होतं. घरात दोन माणसं, त्यातलं एक गप्प म्हणजे सगळं घरच गप्प.

एके दुपारी शाळा तपासणाऱ्या बाई त्याच्या रिक्षात बसल्या. ह्या बाई पाण्यातही खोड काढणाऱ्या. ढेकर त्यांना चांगल्या रोड मांजराच्या खानावळीकडे घेऊन निघाला, तर घरासमोर रस्त्यात बाकडं आडवं टाकलेलं आणि त्यावर बायको, हातात पळी. भोंगा वाजवूनही ती हलली नाही. बाईंना भूक लागली होती. त्या उतरल्या, बायकोला उठवलं, बाकडं स्वतःच उचलून ओसरीवर नेलं आणि त्यावर बसल्या.

ढेकर खांबाआड उभा राहून देवाचा धावा करत होता. बाईंनी एक घास घेतला, दुसरा घेतला, आणि मग त्या कुणाशी बोलल्याच नाहीत. भात मागितला तोही हातानेच. मासा असा संपवला की काटा कंगव्यासारखा स्वच्छ. शेवटी इकडेतिकडे बघून त्यांनी ताटाला बोट लावलं आणि चाटलं.

"पण मग बोका का जाडा?" ढेकरच्या तोंडून निघून गेलं.

बायकोने वळून विचारलं, कुठला बोका, काय जाडा? आणि मग त्याला सगळंच सांगावं लागलं, बाईंच्या देखत. बाई हसून हसून बाकड्यावरून सरकल्या. बायको हसली नाही.

"तो तुमचं ताट खातो," ती म्हणाली. "इतकी वर्षं रोज तुमचं ताट वाढते. तुम्ही जेवून आलेले असता. मग ते त्याला घालते."

शिंकं तुटलं होतं ढेकरच्या घरी आणि बोक्याचं फावलं होतं. ढेकर खाली मान घालून उभा राहिला. सगळ्या किनाऱ्याला जेवू घालणाऱ्या माणसाने एका ताटाला मात्र रोज नाही म्हटलं होतं, आणि ते ताट तरीही रोज वाढलं जात होतं. त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली. हात धुऊन तो बाईंच्या शेजारी बाकड्यावर बसला.

त्या दिवसापासून ढेकर बाहेर पाण्यालाही शिवेना. चारही बाकडी भरू लागली, आणि त्यांत एक ताट रोज त्याचं असे. बोका महिनाभर रागावून ओरडला, मग आकसला, मग एक दिवस कुंपणावर चढलेला दिसला.

"मीठ बरोबर आहे का हो?" बायकोने एकदा वाढता वाढता विचारलं.

ढेकरने घास गिळला, मागे वळून परसाकडे पाहिलं. बोका कुंपणावर बसून त्याच्या ताटाकडे डोळे फाडून बघत होता आणि त्याच्या बरगड्या दिसत होत्या.

"अगदी बरोबर," ढेकर म्हणाला.