एकाच्या मापाची गादी

हे पौषात गेले. चैत्र अर्धा सरला तरी मी रजई पांघरूनच निजत होते. मला उकडत नव्हतं. तेरहून माझी थोरली जाऊ चार दिवस राहायला आली, तेव्हा तिनं भरदुपारी मला तशी पडलेली बघितलं. रजई काढली, पदरानं माझ्या गळ्यावरचा घाम पुसला. मग म्हणाली, गादीपण लई जड झालीय, उद्या पिंजाऱ्याकडं नेऊ. मी हो म्हणाले. त्या दिवसांत मी सगळ्यालाच हो म्हणत होते.

मुरुमच्या बाजारात ओळखीचे पिंजारीचाचा आहेत. आमची डबल गादी त्यांनीच भरलेली. जावेला फोमची पसंत होती, उचलायला हलकी म्हणून. चाचा म्हणाले, आपल्याकडच्या उन्हाळ्यात फोम अंगाखाली तापतो; त्यापेक्षा याच कापसाच्या दोन करा, उन्हाळ्याला पातळ आणि थंडीला जाड. टेप काढत त्यांनी सहज विचारलं,

"माप दोघांचंच ठेवायचं ना, बाई?"

त्यांना कळलेलं नव्हतं. जाऊ खाली बघायला लागली.

"एकाचं," मी म्हणाले. "आता मी एकटीच हाय."

भाजीवाल्याकडं मेथीची जुडी मागावी तसा माझा आवाज निघाला. चाचांनी टेप गुंडाळली आणि थोड्या वेळानं पुन्हा उलगडली.

खोळ उसवली. यांच्या बाजूचा कापूस दबून घट्ट झाला होता, माझ्या बाजूचा जरा मोकळा होता. मशीनमध्ये दोन्ही एकत्र गेले. जाऊ तोंडाला पदर लावून रडत होती. मी तिच्या केसांवर उडालेला कापूस वेचत उभी राहिले.

संध्याकाळी पातळ गादी घातली तर निम्मा पलंग उघडा राहिला. जावेनं तिथं चादरींच्या घड्या रचल्या. सकाळी तिनं विचारलं, झोप लागली का. लागली होती. गादी कशी वाटली, ते मात्र मला सांगता आलं नाही.

श्रावणात झड लागली. एका दुपारी पडले असताना पाय गार झाले. मला थंडी वाजतेय, हे बऱ्याच वेळानं ध्यानात आलं. उठून जाड गादी ओढत आणली. ती पलंगावर चढेना, म्हणून फरशीवरच अंथरली आणि दिवेलागणीपर्यंत तिच्यावर पडून राहिले.